चौदा जणांची टीम

"सुशील कोण, असं विचारलं त काय सांगाल?"

"माहं पोट्टं."

"बाबा! पोट्टं नाही म्हणायचं. किती वेळा सांगू तुम्हाले?"

"मंग काय सांगू? शेजारच्याचं पोट्टं?"

गणेशपेठेतल्या दहा बाय बाराच्या दुकानात रुपराव खाली पोत्यावर बसून एका जळालेल्या मोटरीतून काळ्या तारा उपसत होते. समोर स्टुलावर त्यांचा एकुलता एक मुलगा सुशील हातात कागद धरून त्यांची उजळणी घेत होता. शाळेत असताना रुपरावांनी त्याचे पाढे असेच घेतले होते, फक्त तेव्हा छडी त्यांच्या हातात होती.

"'हे आमचे चीफ टेक्निकल ऑफिसर. सही करायचा पूर्ण अधिकार त्यांना आहे.' असं म्हणायचं. म्हणा बरं."

रुपरावांनी ते एका दमात, एक अक्षर न चुकता म्हणून दाखवलं. मग पक्कड खाली ठेवून मान वर केली.

"अन् हे ऑफिसर चार वर्षांत दुकानात किती वेळा आले, असं विचारलं त?"

ते आपल्या विनोदावर स्वतःच हसले. सुशील हसला नाही. नोकरी सुटून घरी परतल्यापासूनच्या चार वर्षांत तो दुकानात मोजून आठ-दहा वेळा आला असेल, आणि तेही शटरबाहेर गाडीवरून न उतरता, डबा देऊन परत.

सरळच सांगायचं तर त्याला दुकानाची लाज वाटायची. आजची नाही, फार जुनी. इंजिनिअरिंगला असताना कुणी विचारलं की "बाबांचा इलेक्ट्रिकलचा बिझनेस आहे" म्हणायचा. लग्नपत्रिकेत रुपरावांच्या नावापुढे "उद्योजक" छापून आणलं होतं. ते वाचून रुपरावांनी बायकोला, भागीरथाबाईंना, विचारलं होतं, "हे कोण वं?" मग अकरा वर्षं पुण्यातल्या मोठ्या कंपनीत गेली. एका गुरुवारी सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली आणि दुपारी गळ्यातलं कार्ड परत घेतलं गेलं. बायको श्वेता, मुलगी गार्गी आणि सामानाचा टेम्पो घेऊन साहेब मानेवाड्याला बापाच्या घरी परतले. तोवर भागीरथाबाई गेल्या होत्या. रुपरावांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. वरची खोली झाडून दिली, बस्स.

घरी रिकामं बसलेल्या माणसाच्या नजरेला नको ते पडतं, तसं हवं तेही पडतं. रुपरावांना सकाळी सकाळी फोन यायचे. नरखेडकडचे, काटोलकडचे शेतकरी, थेट विहिरीवरून. "रुपरावजी, मोटर कशीतरीच करून राहिली." रुपराव म्हणायचे, "फोन मोटरीजवळ धरा जी." मग डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकायचे आणि सांगायचे: बेअरिंग गेलं. एक फेज नाही आली. पाणी नाही विहिरीत, बंद करा पहिले, जळून जाईन. माणूस दुकानात मोटर घेऊन आला की पेचकसाचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला. डॉक्टरची नळी काय करेल असं निदान. कधी चुकले नाहीत असं नाही, पण चुकलेले कुणाला आठवत नव्हते.

हे काम मशीनला शिकवता येईल, हे सुशीलच्या डोक्यात आलं. दोन हिवाळे तो गावोगाव फिरून मोटरींचे आवाज टिपत होता. अकराशे चाळीस आवाज जमले. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी रुपराव कानाला हेडफोन लावून बसायचे, एकेक आवाज ऐकायचे आणि गार्गीच्या उरलेल्या वहीत लिहायचे. चौथी शिकलेल्या माणसाचं मोठं, गोल अक्षर. 'बेअरिंग'. 'कोरडी'. 'एक फेज'. 'घासते'. त्यावरून मशीन शिकली. सॉफ्टवेअरचं नाव सुशीलनं ठेवलं 'कानोसा', आणि नाव चांगलंच ठेवलं होतं.

नरखेड तालुक्यात संत्रा उत्पादकांची एक कंपनी होती. तिचा मॅनेजर अंकित, चांगला पोरगा. एका योजनेत त्यांना दोनशे टॅब्लेट मिळाले होते. तो म्हणाला, "दादा, तुमचं कानोसा सगळ्यांमध्ये टाकू. पण एकतीस डिसेंबरच्या आत. नंतर मले दुसऱ्या कोणाचं घ्या लागन, वरून लेटर आलं आहे."

आता अडचण अशी की ते टॅब्लेट ज्या परदेशी कंपनीचे, ती कंपनी कुणाचंही सॉफ्टवेअर आपल्या मशीनमध्ये शिरू देत नाही. आधी तिच्या डेव्हलपर प्रोग्राममध्ये नाव लागलं पाहिजे. अर्ज करा, कागद लावा, पडताळणी होऊ द्या, मग बघू. सुशीलनं पहिला अर्ज स्वतःच्या नावानं केला. उत्तर आलं की या प्रकारच्या कामासाठी नोंदणी झालेली संस्था लागते. दुसऱ्यांदा त्यानं घरालाच ऑफिस केलं आणि जागेचा फोटो पाठवला. मे महिना होता. फोटोत मागच्या दिवाणावर श्वेतानं वाळत घातलेल्या कुरड्या स्पष्ट दिसत होत्या. उत्तर आलं, आपल्या संस्थेची पडताळणी होऊ शकली नाही.

तेव्हा श्वेताच म्हणाली, "बाबांचं दुकान आहे ना. बत्तीस वर्षं जुनं. नोंदणी आहे, जीएसटी आहे, लँडलाइनसुद्धा आहे. तुझ्याकडे काय आहे? लॅपटॉप अन् तोरा."

तो दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी 'भागीरथा मोटर वाइंडिंग वर्क्स'च्या नावानं अर्ज भरायला बसला. रुपरावांना त्यानं विचारलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्याच दिवशी पेंटरला बोलावून पाटीवर खाली 'व सॉफ्टवेअर' लिहून घेतलं. पिवळ्या रंगात.

अर्जात एक रकाना होता: संस्थेत किती माणसं काम करतात? खरं उत्तर होतं एक. सुशीलला धरून दोन. त्यानं लिहिलं, चौदा. दुसरा रकाना होता: या सॉफ्टवेअरमागचं ज्ञान कुठून आलं, तज्ज्ञ कोण, त्यांची पात्रता काय? त्यानं पहिल्यांदा खरं लिहिलं. माझे वडील, बेचाळीस वर्षं मोटर दुरुस्ती. पात्रतेच्या पुढे 'इयत्ता चौथी' लिहिलं आणि थांबला. इंग्रजीत ते फारच उघडंबागडं दिसत होतं. त्यानं सगळं पुसलं आणि लिहिलं, 'अनुभवी इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सची टीम'. पुसताना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पुसलं.

मग कंपनीच्या भारतातल्या ऑफिसातून गुंजन नावाच्या बाईंचा मेल आला. बुधवारी अकरा वाजता व्हिडिओवर पडताळणी. संस्थेचे मालक आणि अधिकृत प्रतिनिधी, दोघंही कामाच्या जागेवर हजर हवेत. म्हणून ही उजळणी चालली होती.

"पण कॉल इथून नाही करायचा," सुशील कागदाची घडी घालत म्हणाला. "रामदासपेठेत एक केबिन घेतली तासाभरासाठी."

"दुकानात काहून नाही?"

"आवाज राहते इथं."

"आवाजाचंच त काम आहे न हे," रुपराव म्हणाले. पण वाद घातला नाही. पोराला जास्त कळतं, हे त्यांनी तो बारावी झाला तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

बुधवारी ते दहाला तयार होऊन अंगणात उभे. गार्गीच्या बारशाचा सफारी, केसांना तेल, खिशात पेन. केबिनमध्ये एसी होता, काचेचं टेबल होतं, भिंतीवर कुठल्या तरी डोंगराचं चित्र होतं. रुपराव खुर्चीच्या टोकावर बसले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

स्क्रीनवर आपलं चित्र दिसत होतं. त्यात सुशीलला पहिल्यांदा दिसले ते हात. बेचाळीस वर्षांचं वॉर्निश नखांत मुरलेलं, उजव्या अंगठ्याचं नखच नाही, बोटांवर तारेनं कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा. हे हात उद्योजकाचे नव्हते. चौदा इंजिनिअर हाताखाली असलेल्या माणसाचे तर नव्हतेच नव्हते.

"बाबा, हात खाली ठेवा."

"अं?"

"टेबलाखाली. तिकडं तसंच करतात."

रुपरावांनी हातांकडे एकदा पाहिलं, आणि खाली घेतले.

गुंजन मॅडम वयानं लहान निघाल्या, आणि बोलायला गोड. "नमस्ते अंकल, आप कैसे हैं?" म्हणाल्या. रुपरावांनी सगळी उत्तरं बरोबर दिली. हे आमचे चीफ टेक्निकल ऑफिसर. सही का पूरा अधिकार है. दुकान बत्तीस साल से. सुशीलचा श्वास जरा मोकळा झाला.

"बहुत बढ़िया. सुशील जी, एक छोटा-सा डेमो दिखा देंगे?"

त्यानं लॅपटॉपमधला एक आवाज लावला. एखाद्या विहिरीवरची मोटर, घरघर आणि मधेच खर्र, खर्र. कानोसानं दोन सेकंदांत उत्तर दिलं: बेअरिंग झिजलं आहे, बदला.

शेजारी रुपरावांनी तोंड उघडलं. सुशीलनं टेबलाखाली त्यांचा गुडघा दाबला. बाबा काय म्हणणार ते त्याला ठाऊक होतं. ही मोटर बेअरिंगची नव्हती. आत फिरणारा रोटर घासत होता. वहीत बाबांनी त्याचा वेगळा रकाना केला होता, 'घासते'. पण असे आवाज होते जेमतेम तीस-चाळीस, आणि सुशीलला वाटलं, बाबा उगाच बारीक काततात, हे बेअरिंगच असणार. त्यानं ते सगळे उचलून बेअरिंगमध्ये टाकले होते. बाबांना विचारलंही नव्हतं. इंजिनिअर तो होता ना.

"इम्प्रेसिव्ह," गुंजन मॅडम म्हणाल्या. "और ये जो हज़ार से ऊपर रिकॉर्डिंग्स हैं, इनको सुनके टैग किसने किया?"

क्षण एवढाच होता. बाप हातभर अंतरावर बसला होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं.

"हमारी एक्सपर्ट टीम है, मैम," सुशील म्हणाला. "चौदह लोगों की. सीनियर इंजीनियर्स."

रुपरावांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं, आणि थोडं कौतुकसुद्धा.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मेल आला. आपल्या संस्थेला डेव्हलपर प्रोग्राममध्ये प्रवेश देण्यात आला आहे. श्वेतानं वाचून टाळी वाजवली, गार्गी पलंगावर नाचली. सुशीलनं अंकितला फोन केला, तोही ओरडला, "दादा, सोमवारी सगळे टॅब्लेट भरून टाकू!" रुपरावांनी हे ऐकलं आणि चप्पल घालून बाहेर पडले. संध्याकाळी कळलं की साडेतीन किलो संत्रा बर्फी घेऊन त्यांनी अख्ख्या गल्लीत वाटली.

"अंकल सांगत होते, तुमच्या हाताखाली चौदा इंजिनिअर आहेत," कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या मोनालीनं सुशीलला डोकेदुखीची गोळी देताना म्हटलं. "कुठं आहे ऑफिस?"

त्यानं सुटे पैसे न घेताच काढता पाय घेतला.

घरी श्वेतानं कानोसाची नवी वेबसाइट उघडून ठेवली होती. "छान झाली आहे," ती म्हणाली. "फक्त एक सांग, यात बाबा कुठं आहेत?"

"दुकानाचं नाव आहे ना."

"ते आईंचं नाव आहे सुशील."

तो खाली मान घालून जेवायला बसला. त्याला वाटलं होतं, मंजुरी आली की मनातली बोच जाईल. आनंद एवढा होईल की बाकीचं त्यात बुडून जाईल. कशाचं काय! बाबा बर्फीचा उरलेला तुकडा गार्गीला भरवत होते आणि सांगत होते, "तुह्या बाबाच्या टीमनं केलं हे सारं. म्या पण थोडंसं ऐकलं होतं, बरं का." ते 'थोडंसं' ऐकून सुशील ताट अर्धवट टाकून उठला.

शनिवारी सकाळी तो दुकानात गेला. टॅब्लेट भरायच्या आधी दोन-तीन आवाज तपासून घेऊ, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला बाबांशी बोलायचं होतं आणि घरी ते जमत नव्हतं.

दुकानात बाकावर नत्थूजी बसले होते. नरखेडजवळच्या खेड्यातले बागायतदार, तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. पहाटेच्या एसटीनं मोटर पोत्यात बांधून आणली होती.

"आले का ऑफिसर साहेब," नत्थूजी म्हणाले. "रुपरावजीनं बर्फी ठेवली माह्यासाठी. अभिनंदन गा."

रुपरावांनी मोटर चालू केली. पेचकस लावला, डोळे मिटले. नेहमी ते असे ऐकायचे आणि पेचकस खाली यायच्या आतच निकाल द्यायचे. आज त्यांनी डोळे उघडले, पेचकस खाली ठेवला आणि म्हणाले, "थांबा नत्थूजी. पोराच्या मशीनले ऐकू द्या एक डाव."

"तुम्ही काय ऐकलं?"

"माहं सोडा जी. थ्या मशीनमंदी चौदा शिकलेल्या लोकायचे कान आहेत. सुशील, लाव बरं."

सुशीलला उठवेना. या माणसानं आयुष्यात कुणाला विचारून निदान केलं नव्हतं. मोटर कंपनीचे मेकॅनिक गाडीतून यायचे आणि यांना विचारून जायचे. त्यानं तपासणीसाठी आणलेला टॅब्लेट मोटरीजवळ धरला. खर्र, खर्र. दोन सेकंदांत उत्तर आलं: बेअरिंग झिजलं आहे, बदला.

"बेअरिंग," रुपराव म्हणाले. "बरोबर. दुपारपर्यंत बदलून देतो."

मोटर बाजूला सरकवून त्यांनी लाकडी फर्मा पुढ्यात घेतला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कामाची तार त्यावर गुंडाळायला बसले. "एक, दोन, तीन..." फेरे मोजत असताना रुपरावांशी कुणी बोलत नसे. ते मशीनचा काटा वापरत नसत, तोंडानं मोजत, आणि एक फेरा कमीजास्त झाला तर मोटर तापते म्हणून मोजणी चुकली की सगळी तार सोडत. गल्लीतली कुत्रीसुद्धा तेवढा वेळ भुंकत नाहीत, असं भागीरथाबाई म्हणायच्या.

"बाबा, तुम्हाले काय ऐकू आलं होतं?"

"...अकरा, बारा..." रुपरावांनी डावा हात वर करून थांब म्हटलं.

"बाबा, खरं सांगा. मशीननं बेअरिंग म्हटलं. तुम्हाले काय वाटलं?"

"...सतरा, अठरा. मले वाटलं रोटर घासून राहिला. वीस. पण आता कान म्हातारे झाले गा. एकवीस. त्या दिवशी कॉलवर पण मले तसंच वाटलं होतं, पण टीमले माहीत असंन. तेवीस..."

"टीम नाही आहे बाबा."

"चोवीस. पंचवीस."

"कोणतीच टीम नव्हती. चौदा काय, एकही इंजिनिअर नव्हता. सगळे आवाज तुम्हीच ऐकले. मशीन चुकते ती माह्यामुळं. तुमचं 'घासते' मीच बेअरिंगमध्ये टाकलं."

रुपराव मोजता मोजता हसले. लहान मूल काही गोड बोललं की हसतात तसे.

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिला काय? एकोणतीस. काही गरज नाही बाप्पा. मी थोडंसं ऐकलं, बाकीच्यांनी बाकीचं ऐकलं. त्यात काय? एकतीस. मॅडमले तूच सांगितलं न, मी बाजूले बसून होतो. एवढ्या मोठ्या कंपनीले तू खोटं सांगशील काय?"

बाकावर नत्थूजी बसले होते. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. आता गप्प राहिलं तर बाबा जन्मभर हेच समजणार होते की आपला कान कुणा चौदा माणसांपुढे कमी पडला. आणि बोललं तर त्यांना कळणार होतं की पोरगा काय लायकीचा आहे. दोन्हींपैकी एक काहीतरी आज या दुकानात मोडणार होतं.

"हाव बाबा," तो म्हणाला. "खोटं सांगितलं. फॉर्मवर पण खोटं लिहिलं. अन् तुमच्यासमोर तोंडानं पण खोटं सांगितलं."

फर्मा फिरायचा थांबला.

नत्थूजी हळूच उठले. टोपी नीट केली. "रुपरावजी," ते म्हणाले, "बेअरिंग नका बदलवू. तुम्हाले जे ऐकू आलं, तेच करा. तीस वर्षं झाली, माह्या बगीच्यानं तुमच्याच कानावर पाणी पेलं." मग सुशीलकडे न पाहता पायरी उतरले. "मी चहा घेऊन येतो, आरामात."

ते गेले. दुकानात दोघंच उरले. रुपराव हातातल्या तारेकडे पाहत होते.

"काहून गा?" त्यांनी विचारलं. आवाजात चीड नव्हती. खरंच समजत नव्हतं त्यांना.

सुशीलनं कागदावरची उत्तरं त्यांच्याकडून घोकून घेतली होती. आता त्याच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते घोकायची गरज नव्हती.

"लाज वाटली."

"कायची?"

दुकानाची म्हणावं, तर दुकानाच्याच नावावर प्रवेश मिळाला होता. चौथीची म्हणावं, तर दोनशे टॅब्लेटमध्ये तीच चौथी बोलणार होती. रुपरावांना उत्तर कळलं असावं, कारण त्यांनी नजर काढून घेतली.

"सोमवारच्या आधी मी मॅडमले मेल करतो," सुशील कसाबसा म्हणाला. "सगळं खरं लिहितो. काढलं प्रोग्राममधून त काढू दे."

रुपराव त्यावर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती झाले होते?"

"काय बाबा?"

"फेरे. किती झाले होते, ध्यानात आहे काय तुह्या?"

सुशीलच्या ध्यानात नव्हतं. बत्तीस की तेहतीस. त्यानं मान हलवली.

रुपरावांनी फर्मा उलटा फिरवायला घेतला. गुंडाळलेली सगळी तार हळूहळू सोडली, कुठे पीळ पडू नये म्हणून बोटांतून सरळ करत करत. शेवटचा वेढा निघाला तेव्हा त्यांनी तारेचं टोक पुन्हा फर्म्याच्या खाचेत बसवलं.

"एक," ते म्हणाले. "दोन. तीन."

सुशील स्टुलावर बसून राहिला. खिशात फोन दोनदा वाजला, अंकितचा असावा. त्यानं काढला नाही, आणि अठ्ठावन्न फेरे पुरे होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढला नाही.